विश्वनागरिक, मु. पो. करमाड

माझं नाव सांडू कडुबा पठाडे. आमच्या भागात आजोबाचं नाव नातवाला देतात, तसं ते माझ्याकडे आलं आणि मी ते जमेल तितकं लपवत आलोय. लेखांवर, दारावरच्या पाटीवर मी डॉ. एस. के. पठाडे असतो. एस. के. हा कुठलाही असू शकतो, अगदी परदेशातलाही. सांडू मात्र जालना रोडवरचाच असणार.

मी शहरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझा संशोधनाचा विषय तौलनिक साहित्य, आणि त्यातही आधुनिक कादंबरीतलं प्रेम आणि विश्वनागरिकत्व. म्हणजे जात, धर्म, देश, भाषा यांपैकी काहीच न मानणारं, सगळ्या जगाला आपलं घर समजणारं प्रेम वेगवेगळ्या भाषांतल्या कादंबऱ्यांत कसं येतं, याची तुलना. या विषयावर माझे अकरा लेख प्रसिद्ध आहेत. माझी बायको मंजुषा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिचं म्हणणं असं की लेख एकच आहे, तो अकरा वेळा छापून आलाय. मी यावर तिच्याशी वाद घालत नाही, कारण तिनं ते अकराच्या अकरा वाचलेत. तसं करणारी बहुधा ती जगातली एकटीच आहे.

यंदा जानेवारीत आमच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. उन्हाळ्यात महाविद्यालयाचं मूल्यांकन व्हायचं होतं आणि त्याच्या फॉर्ममध्ये 'आंतरराष्ट्रीय चर्चासत्र' या रकान्यापुढे आमच्याकडे भोपळा होता. तुमच्या विषयात आधीच सगळं जग आहे, तेव्हा संयोजक तुम्हीच, असं त्यांनी सांगितलं. मला आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी कामाच्या ताणाबद्दल दोन वाक्यं बोललो. मग त्यांनी बीजभाषणासाठी आणि सत्राच्या अध्यक्षपदासाठी कुणीतरी सुचवलेलं एक नाव वाचून दाखवलं. हैदराबादच्या प्राध्यापिका, दोन वर्षं जर्मनीत शिकवून आलेल्या, डॉ. रत्नमाला दाभाडे.

"ओळखता का?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाव ऐकून आहे," मी म्हणालो.

हे नाव मी कसं ऐकून होतो ते आता सांगायला हवं.

दोन हजार तीन साली मी विद्यापीठात एम. ए. करत होतो. तौलनिक साहित्य हा ऐच्छिक पेपर चौघांनी घेतला होता. दिवाळीपर्यंत दोघांनी सोडला. उरलो मी आणि रत्नमाला. तिचे वडील चिकलठाण्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. घर बौद्ध, घरात पुस्तकं भरपूर, आणि वाचण्याचा तिचा वेग असा की ग्रंथालयातली कादंबरी ती दोन दिवसांत संपवायची आणि मग ती माझ्याकडे यायची. पानापानावर तिच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा असायच्या. मी कादंबरी वाचायचो असं मी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलंय. खरं म्हणजे मी खुणा वाचायचो. वर्गात मी जे बोलायचो ते त्या खुणांवरून बोलायचो, आणि सर खूश व्हायचे. रत्नमाला शेजारी बसून शांतपणे ऐकायची. तिला कळायचं, पण ती कधी काही म्हणाली नाही. मी त्याला प्रेम समजलो. ते तसंच होतं हे नंतर कळलं.

विद्यापीठामागे डोंगरात लेणी आहेत. तिथं पायऱ्यांवर बसून आम्ही जपानी, रशियन, लॅटिन अमेरिकन नायक-नायिकांची प्रेमं मापायचो. कोण घाबरलं, कोण पळून गेलं, कुणी पत्र पाठवलं नाही. घाबरणाऱ्या नायकांबद्दल माझी मतं फार कडक होती. एका नायकाला तर मी चक्क नामर्द म्हणालो होतो.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात ती त्याच पायऱ्यांवर म्हणाली, की तिनं तिच्या घरी सांगितलंय. तिचे वडील एवढंच म्हणाले होते, की मुलाला आधी त्याच्या घरी सांगू दे, मग बोलू. मी लगेच म्हणालो की या शनिवारीच गावी, करमाडला जातो.

मी गेलो. वडील, म्हणजे आमचे आबा, कांद्याला पाणी देत होते. मी त्यांच्या मागं मागं दोन वाफे चालत गेलो. बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं की रोप यंदा कुठलं आणलं. आबांनी सांगितलं. रविवारी मी पुन्हा मागं मागं गेलो आणि विचारलं की पाण्याची पाळी किती दिवसांनी देता. आबांनी तेही सांगितलं. पोराला शेतीची गोडी लागली म्हणून ते इतके खूश झाले की संध्याकाळी आईला त्यांनी माझ्यासाठी धपाटे करायला लावले. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं मी शहरात परत आलो, वसतिगृहाच्या खोलीत दार लावून बसलो आणि रत्नमालाला पत्र लिहिलं.

सहा पानी पत्र, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. त्यात मी जपानी, रशियन, फ्रेंच आणि पेरूमधल्या कादंबऱ्यांची उदाहरणं देऊन सिद्ध केलं, की जे प्रेम सगळ्या सीमा ओलांडतं ते एका घरात, एका चुलीपाशी येऊन बसलं की त्याचं विश्वनागरिकत्व संपतं. म्हणून दोन सुजाण माणसांनी सीमेपर्यंत यावं आणि तिथं थांबावं. ते थांबणं हाच प्रेमाचा सर्वोच्च क्षण. पत्राला तळटीपा होत्या. आणि मला हेही कबूल केलं पाहिजे, की लिहिताना मी खाली कार्बन पेपर घातला होता. प्रेमपत्राची स्थळप्रत ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिनं उत्तर दिलं नाही. उरलेल्या चार महिन्यांत वर्गात ती माझ्याशी बोलली तेवढं खिडकी उघडायची किंवा लावायची याबद्दल. त्या पेपरात ती पहिली आली. मी दुसरा आलो, दोघांत. ती हैदराबादला गेली. मी इथंच राहिलो आणि त्या कार्बन कॉपीवरून माझा पहिला लेख लिहिला. 'तू' आणि 'मी' काढून टाकले, तिथं 'नायिका' आणि 'नायक' घातले, बस. मग तोच माझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय झाला. बाकीच्या लेखांत फक्त देश बदलत गेले.

तर प्राचार्यांपुढे मी म्हणालो की नाव ऐकून आहे, आणि त्यांच्या सहीचं निमंत्रण तिला गेलं. तिनं दोन दिवसांत होकार कळवला. पत्रिकेवर तिचं नाव छापून आलं तेव्हा मंजुषानं ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हीच का?"

मंजुषाला मी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं होतं. म्हणजे माझी आवृत्ती. समाजानं आम्हाला वेगळं केलं, असं मी तेव्हा जड आवाजात सांगितलं होतं. त्यावर तिनं विचारलं होतं, समाज म्हणजे नेमकं कोण. मी पाणी प्यायला उठलो होतो.

चर्चासत्राला आठ दिवस राहिले आणि आमचा एकमेव परदेशी पाहुणा, पोर्तुगालचे एक प्राध्यापक, आजारी पडल्यामुळे येत नसल्याची ईमेल आली. पत्रिका वाटून झाल्या होत्या. प्राचार्य म्हणाले, परदेशी माणूस पाहिजे, कुठलाही चालेल. मी दोन दिवस वेरूळला जाऊन पर्यटकांत फिरलो. एका फ्रेंच जोडप्याला विश्वनागरिकत्वाबद्दल सांगू लागलो तर त्यांना वाटलं मी पोस्टकार्डं विकतोय. बाईंनी हात जोडून नको म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मला अम्मार आठवला. अम्मार येमेनचा. हिमायत बागेजवळ राहतो, वनस्पतिशास्त्रात पीएच. डी. करतो आणि नान खलिया खायला मी जिथं जातो तिथं तोही येतो. आठ वर्षांत तो दखनी अशी बोलायला लागलाय की त्याला परदेशी म्हणताना मलाच संकोच वाटला. पण पासपोर्ट खरा होता.

तो म्हणाला, "सर, मेरेकू साहित्य का कुछ नै मालूम. मैं घास पे काम करता."

मी म्हणालो, काळजी करू नका, निबंध मी लिहून देतो. आणि एका संध्याकाळी इंग्रजीत लिहून टाकला: 'आधुनिक अरबी कादंबरीतील प्रेम आणि विश्वनागरिकत्व'. मी एकही अरबी कादंबरी वाचलेली नव्हती. त्याची अडचण आली नाही. सिद्धान्त तयार होता. मॉस्कोच्या जागी कैरो आणि टोकियोच्या जागी सना घातलं की झालं. नायक सीमेपर्यंत आले आणि थांबले.

चर्चासत्राच्या दिवशी सकाळी रत्नमाला विश्रामगृहावरून आली. मी फाटकाशी गुच्छ घेऊन उभा होतो. केस आखूड आणि बरेच पांढरे, सुती साडी, पायात बूट. मी आदल्या रात्री आरशापुढे काही वाक्यं तयार केली होती, त्यांतलं पहिलं म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "नमस्कार, पठाडे सर." मी म्हणालो, "नमस्कार, मॅडम." गुच्छ द्यायचा विसरलो. तो मी दुपारपर्यंत हातात घेऊन फिरत होतो.

तिचं बीजभाषण झालं. चांगलं झालं, म्हणजे मी त्यात एखादं वाक्य माझ्या विरोधात सापडतं का ते पाहत होतो आणि सापडलं नाही, म्हणून थोडा नाराजही झालो. मंजुषानं रजा टाकली होती. ती तिसऱ्या रांगेत बसून टिपणं काढत होती.

मग अम्मारचा निबंध. त्यानं तो फार छान वाचला. आवाज भारदस्त, उच्चार इंग्रजी, आणि मधूनच तो थांबून पुढची ओळ स्वतःच कुतूहलानं बघायचा. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी फोटोग्राफरला खूण केली. मग एक निवृत्त प्राध्यापक उठले. त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, की या कादंबऱ्यांत आईवडिलांच्या पिढीचं काय म्हणणं असतं, त्याबद्दल निबंधात काहीच आलं नाही.

अम्मारनं पानं उलटसुलट केली. शोधलं. मग पानं खाली ठेवली.

"ये मैंने नै लिखा," तो म्हणाला. "सर ने लिख के दिया, मैं पढ़ दिया. सर का दिल बहोत अच्छा है."

मागच्या बाकांवरून हसू सुरू झालं आणि पुढं पुढं येत गेलं. प्राचार्य छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. नंतर पाहिलं तर मी माझंच नाव चार वेळा लिहिलं होतं.

रत्नमाला अध्यक्ष होती. तिला या सगळ्याचा काय वाटेल तो वापर करता आला असता. तिनं हसणं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि अम्मारला हिंदीत म्हणाली, की निबंध राहू द्या, त्या सरांच्या प्रश्नाचं तुमचं स्वतःचं उत्तर असेल तर सांगा. अम्मारनं सांगितलं की त्याचा साखरपुडा होऊन तो इकडे शिकायला आला आणि तिकडे लढाई वाढली. विमानतळ बंद. मुलीचे वडील म्हणाले, एक तर निकाह कर, नाहीतर मुलीला मोकळी कर. तेव्हा त्यानं हिमायत बागेजवळच्या बेकरीवरच्या खोलीत बसून मोबाईलवर निकाह केला. 'कबूल' म्हटलं की नेट जायचं. पुन्हा फोन लावायचा, पुन्हा सासरे विचारायचे. तीनदा म्हणायचं ते त्याला सात वेळा म्हणावं लागलं. मग बायको ओमानमार्गे इथं पोचायला चौदा महिने लागले.

"तो मेरा जवाब ये है," तो म्हणाला, "माँ-बाप पूछते. अपन बोलना पड़ता."

आणि तो खाली बसला. या टाळ्या आधीच्यापेक्षा मोठ्या होत्या.

त्यानंतर माझा निबंध होता. शहाण्या माणसानं प्रकृतीचं कारण सांगून टाळला असता. मी वाचला. वीस मिनिटं. सहा देश. वाचताना माझ्या लक्षात येत होतं की तिसऱ्या पानावरचं वाक्य न् वाक्य त्या पत्रातलं आहे. पण मला वाटत होतं, एकवीस वर्षांनंतर कोण लक्षात ठेवतं.

अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला. "पठाडे सर, तुमचे सगळे प्रेमिक सीमेपर्यंत येतात आणि थांबतात. त्यांना थांबवतं कोण?"

मी चार मिनिटं बोललो. 'अवकाश' हा शब्द मी पाच-सहा वेळा वापरला असेन. मी काय बोललो ते मला कळलं नाही आणि सभागृहालाही कळलं नसावं. रत्नमालानं धन्यवाद म्हटलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

संध्याकाळी तिचं विमान होतं. तिला विमानतळावर सोडायची जबाबदारी प्राचार्यांनी माझ्यावर टाकली. मंजुषा आमच्याबरोबर येईल असं मी धरून चाललो होतो. ती रत्नमालाशी बराच वेळ उभी राहून बोलली, दोघी एकदा हसल्याही, आणि मग पेपर तपासायचेत म्हणून ती रिक्षानं घरी निघून गेली.

क्रांती चौक ओलांडल्यावर रत्नमाला म्हणाली, "तुझं अक्षर सुधारलंय का रे?"

तिनं 'तू' म्हटलं. मी 'तुम्ही' आणि 'तू' यांच्यामध्ये अडकून म्हणालो की आता सगळं टाईपच होतं.

"विचारलं, कारण तुझं पत्र अजून माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी फुललं. एकवीस वर्षं मी मनाशी धरून होतो की हैदराबादच्या कुठल्याशा खिडकीत बसून एक बाई ते पत्र अधूनमधून उघडते. मी गाडी हळू केली. मागच्यानं हॉर्न वाजवला.

ती पत्र उघडायची हे खरं होतं. दरवर्षी जुलैत, एम. ए.च्या पहिल्या तासाला. तिनं त्याचं इंग्रजी भाषांतर करून, नाव काढून, चौदा वर्षं ते वर्गात वाटलं होतं. म्हणजे माझं भाषांतर झालेलं हे एकमेव लेखन. मुलं त्या अनाम लेखकाला 'मिस्टर सिक्स पेजेस' म्हणतात, असंही तिनं सांगितलं. वर्गाला अभ्यास एकच असतो: या मजकुरात काय नाही ते शोधा.

"सापडतं का त्यांना?" मी विचारलं.

"वीसेक मिनिटं लागतात. सुरुवातीला सगळी संदर्भ तपासतात, ते बरोबर निघतात. मग कुणीतरी म्हणतं, मॅडम, हा माणूस राहतो कुठं?" ती समोर पाहत बोलत होती. "सहा पानांत जपान आहे, रशिया आहे, पेरू आहे. करमाड नाही. माझी जात नाही, तुझी जात नाही. तुझे वडील नाहीत. तुलना करायची तर दोन बाजू लागतात, सांडू. तू दोन्ही बाजूंना दूरचंच घेतलंस."

मला सांडू म्हणणारी माणसं आता थोडीच राहिलीत. मी विचारलं की तिला राग आहे का.

"होता. दोन वर्षं चांगलाच होता. मग नोकरी लागली, जर्मनीला गेले, लग्न झालं. नवरा दातांचा डॉक्टर आहे, गोंदियाचा. आता ते पत्र माझ्यासाठी मजकूर आहे. चांगला उपयोगी मजकूर आहे, खरंच." मग तिनं कामाचं बोलायला सुरुवात केली. तौलनिक अभ्यास कसा शिकवावा यावर तिचं पुस्तक येत होतं आणि त्यात हे पत्र पूर्ण छापायचं होतं. लेखकाची लेखी परवानगी लागणार होती. त्यासाठीच तिनं आमचं निमंत्रण स्वीकारलं होतं. फोनवर विचारणं तिला बरं वाटलं नाही. "नाव घालू का?"

"नको," मी म्हणालो. हे उत्तर मी त्या दिवशी दिलेलं सगळ्यात जलद उत्तर.

ती हसली. विमानतळाच्या दारात तिनं बॅग उचलली, मंजुषा आवडली असं सांगितलं आणि आत गेली. गुच्छ मागच्या सीटवरच राहिला होता.

परवानगीचा फॉर्म चार दिवसांनी ईमेलनं आला. मंजुषानं मूळ पत्र दाखव म्हटलं. मी कपाटातून कार्बन कॉपी काढून दिली. ती शाई आता जांभळी, पुसट झालीय. मंजुषानं सहाही पानं टेबलावर पसरून वाचली, पेपर तपासावा तशी, हातात लाल पेन धरून. पेन कुठंच टेकवलं नाही.

"यात उत्तर आधी लिहिलंय आणि मग त्याला गणित जमवलंय," ती म्हणाली. "मुलं करतात असं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आबांना तू अजूनही सांगितलेलं नाहीस ना?"

मी म्हणालो, आता एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला सांगून काय उपयोग. ती म्हणाली, उपयोग तुझ्या अकरा लेखांचा तरी काय झाला. रविवारी जाऊ.

गेलो. आबा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. समोरून शेंद्र्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते. आई, म्हणजे द्वारकाबाई, आत चहा ठेवत होती आणि मंजुषा तिच्याजवळ जाऊन बसली होती. मी स्टूल ओढून आबांपाशी बसलो. कांद्याचा भाव विचारायची फार इच्छा झाली. ती दाबली आणि सांगितलं. नाव सांगितलं, तिचे वडील कुठं कामाला होते ते सांगितलं, कुठल्या समाजाची ते सांगितलं. पायऱ्या सांगितल्या. मग पत्राचंही सांगितलं, कारण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना.

मी संपवलं तेव्हा आबा रस्त्याकडे पाहत होते.

"मी नाय म्हणलो असतो," ते म्हणाले.

"मला माहीत होतं, आबा."

"ठावं व्हतं तर इचारायचं. मी काय नुसतं नाय म्हणून थांबलो नसतो. चार वरीस बोललो नसतो तुह्याशी. आसं बी आसंल, की मरंपरेंत बोललो नसतो. त्या वक्ताला मी तसाच व्हतो, खोटं कशाला सांगू." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पन ते माझं पाप माझ्यापाशी ऱ्हायलं असतं. तू भ्याला मला, आन तिला सांगितलं रशियाचं."

माझ्या अकरा लेखांवर आजवर आलेलं हे सगळ्यात नेमकं परीक्षण होतं, आणि ते करणाऱ्या माणसानं आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नव्हती.

आई चहा घेऊन आली, तिच्या मागोमाग मंजुषाही. आईनं आतून सगळं ऐकलं होतं हे तिच्या चालण्यावरूनच दिसत होतं. ती आबांना म्हणाली, "तुमाला इचारलं नाय म्हणता. मला तरी कुठं इचारलं? मी काय म्हणलं असतं, ते कुनालाच ठावं नाय." मी तिच्याकडे पाहिलं. खरंच, इतक्या वर्षांत, माझ्या दुःखाच्या इतक्या आवृत्त्या काढूनही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी विचारलं, काय म्हणाली असतीस. ती म्हणाली, आता कशाला, आणि कप माझ्या हातात दिला.

आबांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली.

"ती पोरगी कुठं असती आता?"

"हैदराबादला. मोठी प्रोफेसर आहे. परदेशात शिकवून आली. नवरा डॉक्टर."

"मंग बरंच झालं म्हनायचं."

"कुणाचं, आबा?" मी विचारलं.

"तिचं," आबा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली. माझ्या मागं मंजुषाला ठसका लागला. आईनं तिच्या पाठीवर थोपटलं, मग आईलाही हसू आवरेना, आणि थोड्या वेळानं त्या दोघींकडे बघून आबाही हसायला लागले. मी कप धरून बसून राहिलो. चहात साखर जरा जास्त होती.